विमलताईंची शेवटची वही

४ जानेवारी, मंठा
आले बाई एकदाची! राजूरहून दोन एसट्या बदलल्या, वाटूर फाट्यावर दोन कप चहा झाला. काम झकास आहे. विमलताई परदेशात पत्रकार होत्या, त्यांचे लेख टाइप करून पुस्तकासाठी लावायचे. तिथल्या सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून २०१९ साली त्यांना पकडलं, पुढे काहीच कळलं नाही. त्यांच्या वह्यांची पेटी गेल्या महिन्यात घरी आली. घरात त्यांचे भाऊ वामनकाका आणि ऐंशीच्या आई. काका निवृत्त मास्तर, त्यामुळे माझ्या शुद्धलेखनाची धडगत नाही.

७ जानेवारी
ताईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! पण लिहिणं असं की टाइप करताना हात थांबतो. प्रत्येक बातमीच्या डोक्यावर गाव आणि तारीख. जिथे उभ्या राहिल्या तिथूनच लिहिलं, ऐकीव काही नाही. बेपत्ता मुलांच्या आयांवर लिहितात, ‘सरकार म्हणतं, मुलं हरवली. आया म्हणतात, त्यांना उशीर झालाय.’ मला रडू आलं. शेवटची वही अर्धी कोरी आहे.

१० जानेवारी
त्या कोऱ्या वहीत आज एक पान भरलेलं. सकाळी कोरं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. अक्षर तेच. वर ‘तुरुंग, १४ फेब्रुवारी २०२३’. खाली लिहिलंय, ‘सकाळपासून तळपाय भाजतायत. आता गुडघे. कोठडीत विस्तव नाही. कोणीतरी माझं नाव घेऊन मंत्र म्हणतंय.’
काकांना दाखवलं. ते तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

११ जानेवारी
काकांनी सगळं सांगितलं. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. काकांनी चारच वर्षं पाहिली. मुलीचं, जान्हवीचं, लग्न जमत नव्हतं. पाहुणे विचारायचे, आत्या जिवंत आहे की गेली? आईंना न सांगता त्यांनी शहागडला गोदावरीकाठी पुतळा जाळला. तारीख तीच. “ती जिवंत असंल असं वाटलंच न्हाई मला,” एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

१३ जानेवारी
नवं पान, ‘मुंबई बंदर’. दुपारी दुसरं, ‘जालना स्टेशन. एकच विचारायचंय, अग्नी कोणी दिला?’
बॅग भरली होती. पण काका खोलीतून बाहेर येत नाहीत, आईंना एकटं कसं सोडू.

१४ जानेवारी
‘वाटूर फाटा.’ शाई ओली. जळक्या गवताचा वास, घरभर—

१५ जानेवारी, दुपार
‘मंठा. आमचं अंगण.’
कडी आपोआप निघाली. समोरची खुर्ची मागे सरकली. माझ्यादेखत पान भरतंय, तोच प्रश्न, ओळीमागून ओळ—
काका बोलायला खोलीतून बाहेर आले. आईंनी त्यांना मागे सारलं. आईंना सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, “मीच दिला, बाई. त्याला काही विचारू नको. बिलकुल न्हाई. मी दिला.”
वही मिटली.
आईंचे तळपाय भाजतायत— काका पाणी ओततायत— कुठेच विस्तव नाही, लुगड्याला डागही नाही, तरी गुडघ्यापर्यंत—
आई ओरडत नाहीत. हात पसरलेत नुसते, म्हणतायत, विमल, ये अशी, जवळ ये—