दारातल्या चपला

चि. उर्वशीस, मोहगावहून बाबाचे आशीर्वाद.

रविवारी दुपारी पांढुर्ण्याले आलो होतो. संत्र्याच्या फवारणीचं औषध आणतो, असं तुह्या आईले सांगितलं. बंद पडलेल्या जिनिंगची ती गल्ली आता ओळखूच येत नाही. भिंती रंगवल्या, चहाची दुकानं लागली, अन् जिथं आपला कापूस उतरायचा त्या गोदामात तुम्ही पोरापोरींनी गाण्याचा हॉल केला.

गाणं म्हणजे मले भजनच माहीत. दारात चपला काढल्या अन् आत गेलो. पाहतो तं सारे जोडे घालून बसून राहिले. पुन्हा बाहेर जायची लाज वाटली. पाय खुर्चीखाली घेऊन मागच्या रांगेत बसलो.

तू शाळेतली नोकरी सोडली तवा 'या घरात गाणारी नको' म्हणलो होतो, त्याले दोन वर्षं झाली. जन्मभर भजनात खंजिरी वाजवणाऱ्यानं असं बोलाले नको होतं. तुह्यं गाणं चांगलं झालं. दुसऱ्या कडव्यात घाई केली.

तुह्यानंतर आणखी दोघं गायले. मधातच उठणं बरं दिसत नाही, म्हणून बसलो.

निघालो तवा दारात माह्याच चपला होत्या. मी त्या वाकड्यातिकड्या सोडल्या होत्या. आता त्या जोडीनं, बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या. मी भजनाले बसलो की लहानपणी तू अशाच लावून ठेवायची.

हे पत्र काही टाकत नाही. पुढच्या रविवारी तुह्या आईलेबी आणतो. चपला दारातच काढू.

तुहा बाबा,
गुणवंता