विमानाच्या डाव्या अंगाचं कुंकू

माय,

तू एकदा मला विचारलं होतंस, "इमानं पडत्यात कावून गं?" तू चुलीपुढं होतीस, हाताला बाजरीचं पीठ, आणि मी विमान चालवायला शिकायला लागून पहिल्यांदाच सुट्टीला घरी आले होते. मी तुझ्यावर खेकसले. म्हटलं, असलं अभद्र विचारतात का? तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "इचारल्यानं न्हाई पडत कोणतं. न इचारल्यानं पडत आसंल." मी ताटावरून उठून गेले. त्या प्रश्नाचं उत्तर तुला द्यायचं राहून गेलं, आणि आता तू जाऊनही बरीच वर्षं झाली. यंदाच्या दसऱ्यानंतर जे घडलं ते कुणाला तरी पहिल्यापासून सांगायचं आहे. मधे न बोलता ऐकून घेणारं माणूस शोधत होते. तू जिवंत असतीस तर चारदा मधे बोलली असतीस, ही गोष्ट वेगळी.

छोटी विमानं का पडतात, हे आता मी फळ्यावर लिहून शिकवते. टाकीत पाणी साचलेलं असतं आणि तळाचं थोडं तेल काढून बघायचा कंटाळा केलेला असतो. शिकाऊ मुलगा खालचं गाव बघण्याच्या नादात वळणावर वेग घालवून बसतो. दुरुस्ती करताना सोडलेली एखादी तार जोडताना उलटी बसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चाकं जमिनीवरून उचलताच इंजिन कुरकुरलं की माणूस माघारी वळतो. मागं धावपट्टी असते ना, ओळखीची, घरासारखी. पण उंची पुरत नाही, वेग पुरत नाही, वळणाच्या आतल्या बाजूचा पंख हवेवरची पकड सोडतो आणि विमान गरगरत जमिनीत घुसतं. म्हणून मी घसा फोडून सांगते, समोर जे शेत दिसेल त्यात उतरा, कापसाची पऱ्हाटी मोडली तर मोडू द्या. इतक्यांदा सांगते की पोरं माघारी मला पऱ्हाटीबाई म्हणतात. म्हणू देत. फळ्यापुढं हे सगळं सोपं असतं.

तुला दिलं नाही ते उत्तर मात्र फळ्यावर मावणारं नाही. ते आबा गेले त्या दिवसापासून सुरू होतं. दारात बाया जमल्या होत्या आणि त्यांतल्या एकीनं पदराचं टोक ओलं करून तुझं कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून पुन्हा पुसलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तू रडत होतीस ते मला आठवत नाही, पण तुझं कपाळ घासून लाल झालं होतं ते डोळ्यांपुढून हलत नाही. त्यानंतर तू कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाहीस, कुणी बोलावलंही नाही. पण खंडेनवमीला मेंढरं कातरायची कातर, कुऱ्हाड, माझी सायकल असं सगळं ओळीनं मांडून तू स्वतःच्या बोटानं कुंकू लावायचीस. शेजारची बोलली की तू तिला ऐकवायचीस, "माणसाला कुठं लावतीय मी? यंत्राला काय कळतंय, लावणारी सवाष्ण हाय का इधवा?" लिंबागणेशच्या यष्टीलासुद्धा तू एकदा कुंकू लावलंस, मला शिकायला नेणारी म्हणून. मी लाजेनं खिडकीतून मान आत घेतली होती. आणि पहिल्यांदा मी एकटी विमान उडवणार होते तेव्हा पिशवीत करंडा घेऊन तू तिथंही हजर. माझे गुरुजी हसले, म्हणाले, "लावू द्या, फक्त काचेला नको." तुझा हात पोचला तो चाकापर्यंत. चाकाला ठिपका लावून तू बाजूला झालीस आणि मी उतरेपर्यंत आकाशाकडं बघितलंच नाहीस म्हणे.

आता मी आपल्याच जिल्ह्यात आहे, पाटोद्याच्या अलीकडं माळावर एक लहानशी धावपट्टी आहे तिथं. यंदा खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या विमानांची पूजा केली. झेंडूची माळ बीडहून आमचे चाचाच घेऊन आले. चाचा म्हणजे आमचे इंजिनाचे मिस्त्री, पाच वक्त नमाज पढणारे, पण खंडेनवमीला त्यांच्याइतकी घाई कुणालाच नसते. त्या दिवशी एका विमानाचं इंजिन नुकतंच खोलून पुन्हा बांधलेलं होतं आणि दसरा झाल्यावर त्याची चाचणी घ्यायची होती. सगळ्यांचं कुंकू लावून झालं. शेड झाडणाऱ्या मावशी तेवढ्या खांबाआड उभ्या. त्या विधवा आहेत. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही लावा की." त्या मागं सरकल्या. "नगं म्याडम. तुमच्या इमानाला काई झालं मंजे?" आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य गेलं, माय, जसंच्या तसं. यंत्राला काय कळतंय. मावशी हसल्या. त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं, आणि त्याच चाचणीच्या विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या जरा पुढं, एक बिनरंगाची गोल चकती आहे तिच्यावर भरघोस टिळा लावून वर अक्षता दाबल्या. त्यांना ते विमानाचं कपाळ वाटलं असणार. मी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, त्यांच्या बोटाकडं नाही.

त्या चकतीच्या मध्ये एक बारीक भोक असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्या भोकातून आत जातो आणि त्यावरच उंचीचा आणि वेगाचा काटा चालतो. तिथं रंग लावायचा नसतो, चिकटपट्टी लावायची नसते. उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारून ते भोक मोकळं आहे का बघायचं असतं. चाचणीच्या सकाळी मी फेरी मारली. टिळा वाळून खडखडीत झाला होता. मला तो दिसला. भोक दिसत नाही हेही दिसलं. मी रुमाल काढला, हात वर नेला, आणि तो तिथंच थांबला. कुंकू पुसायचं? माझा हात पुढं जाईना. मी मनाला समजावलं की टिळा जरा बाजूला असेल, वाळलेल्या कुंकवातून हवा जात असेल. कुणी शिकाऊ मुलानं असं सांगितलं असतं तर मी त्याला शेडबाहेर काढलं असतं. मी रुमाल खिशात टाकला.

ज्यानं इंजिन बांधलं त्यानं पहिल्या उड्डाणाला शेजारी बसायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं चाचा माझ्या उजव्या हाताला. ते बिस्मिल्ला म्हणाले, मी तुझं नाव घेतलं. धावपट्टीवर वेगाचा काटा नेहमीसारखा चढला आणि विमान सहज उचललं. आता खाली माळ मागं सरकतोय, पुढं डोंगराची कड आहे, आणि वेगाचा काटा उतरायला लागलाय. इंजिन पूर्ण जोरात आहे तरी काटा उतरतोच आहे. मनात पहिलं काय आलं असेल? इंजिन. कालपरवा खोललेलं इंजिन. मी नाक खाली दाबलं, काटा किंचित वर आला, मी अजून दाबलं. बाभळी मोठ्या दिसायला लागल्या. एका धनगराची मेंढरं खाली होती, ती फुटून दोन्हीकडं पळाली. चाचा ओरडले, "म्याडम, काय करून राह्यल्या! वर घ्या!"

"इंजिन ओढत नाही चाचा!"

"ओढतंय! मी बांधलंय ते, गळा न्हाई धरला त्यानं. वर घ्या आधी!"

माझी मान मागं वळली. धावपट्टी दिसत होती, शेडचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. काय सांगू तुला, माय. ज्या वळणाविरुद्ध मी रोज बोलते, तेच वळण घ्यायला माझा हात आपसूक निघाला होता. पऱ्हाटीबाईचा हात. मला घरी जायचं होतं, बाकी काही नाही. मी दोन्ही हातांनी दांडा सरळ धरून ठेवला, आणि समोर शेत शोधायला लागले. तेव्हा नजर उंचीच्या काट्यावर गेली. तो हललाच नव्हता. त्याच्या हिशेबानं आम्ही अजून धावपट्टीवरच उभे होतो. खाली मेंढरं पळताना दिसतायत आणि काटा म्हणतोय, जमिनीवर आहात. मग खोटं इंजिन बोलत नव्हतं, काटे बोलत होते. आणि मला तो टिळा आठवला.

बाहेरचं भोक बंद पडलं तर आतली हवा घ्यायला काट्यांखाली एक लहान खटका असतो. वर्षानुवर्षं तो मी फक्त शिकवण्यापुरता ओढला होता. ओढला. दोन्ही काटे एकदम दचकल्यासारखे उडाले. वेग कमी नव्हताच, भलताच जास्त होता, मीच नाक दाबून वाढवला होता. अजून जरा दाबलं असतं तर बाभळीत गेलो असतो, चांगल्या इंजिनासकट. मी हळूच नाक वर घेतलं. उंची पुरेशी झाल्यावर लांब वळसा घेऊन मी विमान उतरवलं.

बाहेर माणसं जमली होती. चाचांनी टिळा बघितला, वाकून नीट बघितला आणि "तोबा" म्हणाले. मग मागून कुणीतरी बोललंच, "तरी वाटलंच हुतं. इधवेचा हात लागल्यावर काय व्हनार दुसरं?" बघता बघता ते शेडभर झालं. आमचे व्यवस्थापक शिकलेले गृहस्थ, तेही खालच्या आवाजात म्हणाले, "झाडणाऱ्या बाईंना काही दिवस नका बोलावू, उगाच चर्चा नको." मावशी झाडू धरून खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. हे होणारच होतं असा चेहरा. तो चेहरा मी आपल्या दारात, चौकटीला धरून बघितलेला आहे. विमान पडायला निघालं तेव्हा आली नसेल एवढी भीती मला तेव्हा वाटली, कारण हे एकदा पसरलं की मावशींना या माळावरच काय, पाटोद्याच्या बाजारातसुद्धा कुणी उभं करणार नव्हतं.

मग मी ओरडले. मोठ्यांदा, तुझ्यासारखी. म्हटलं, हात कुणाचा होता ते सोडा, भोक बुजलं होतं. देवाच्या हातानं बुजलं असतं तरी काटे असेच खोटं बोलले असते. लावायला सांगितलं मी. सकाळी बघून पुसलं नाही मी. कारण लिहायचं तर माझं लिहा, आणि बाईंना काढायचं तर आधी मला काढा. व्यवस्थापकांनी चष्मा पुसला. चाचा म्हणाले, "म्याडम खरं बोलून राह्यल्या. इंजिनवर आळ घेतला हुता, तेवढं मातर मी इसरनार न्हाई." कुणीतरी हसलं आणि माणसं जरा सैल झाली.

पण टिळा तसाच होता. चाचांनी फडकं पुढं केलं, ते कुणीच घेईना. मी मावशींकडं बघितलं. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला न्हाई पुसवनार म्याडम. तुमी पुसा. भोकाला श्वास घिऊ द्या." मी रुमाल ओला केला आणि पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून पुन्हा पुसलं.

चाचांनी आतली नळी न नळी तपासली, त्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तेच विमान, तेच इंजिन, आम्ही दोघं पुन्हा बसणार होतो. बसण्याआधी मी सगळ्यांसमोर मावशींच्या हातात करंडा दिला. तुझाच करंडा. त्या म्हणाल्या, "आता कुठं लावू?" मी चाक दाखवलं. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरून ठिपका लावला. आम्ही उडालो आणि नीट उतरलो. मावशी अजून कामावर आहेत. शेडमधली चार तोंडं अजून मिटलेली नाहीत, पण समोर कुणी बोलत नाही.

तर विमानं का पडतात, त्याचं माझं उत्तर हे आहे. दिसलेलं असतं, आणि हात पुढं जात नाही. हे पत्र मी कुठं टाकणार? करंड्याखाली घडी घालून ठेवीन.

एक राहिलं, ते मी चाचांनाही सांगितलेलं नाही. टिळा पुसताना मी डोळे मिटून घेतले होते. सगळे गेल्यावर एकटी परत गेले, डोळे उघडे ठेवून ते भोक बघितलं, आणि मगच जेवले.