दुसऱ्या सिनेमाआधी

निकिता,

तू अन् तुझ्या मैत्रिणी अजून झोपलेल्या आहात, म्हणून लिहून ठेवते. पोहे भिजवलेत, फोडणी तू घाल. काल सिनेमाचा पडदा म्हणून लावलेल्या अण्णांच्या धोतराला चटणी लागलीय, तेवढं धुऊन टाक.

जिच्या घरी सिनेमा, तिनं आधी तो ज्या कादंबरीवरून काढलाय तिची गोष्ट सांगायची, हा तुमचा नियम. काल तू झकास सांगितलीस. वैष्णवीनं विचारलं, "ताईनं पण वाचलीय का गं?" तू म्हणालीस, "तिला काय कळायलंय त्यातलं? पेपरात चोऱ्या अन् उद्घाटनं लिहिती ती!" सगळ्या हसल्या. मी आत तुमच्यासाठी भजी तळत होते.

तुला इंग्रजी जड जातं म्हणून ती कादंबरी रोज पोळ्या लाटताना मीच तुला मराठीत सांगितली. हे बाहेर येऊन बोलले नाही. मैत्रिणींसमोर तुझं तोंड पडलं असतं.

आज दुसरा सिनेमा. त्याची कादंबरी आपली निम्मीच झालीय. मी झरीला आईकडे चाललेय, सोमवारी परस्पर ऑफिसला जाईन.

पुस्तक तुझ्या उशाशी ठेवलंय. उरलेलं तूच वाच.

ताई