वाद्याला पाय

१२ सप्टेंबर

सोलापूरची चक्कर फुकट! गिटारीचा आवाज पायानं वळवायचं वाह पेडल दाखवा म्हटलं तर दुकानदार धनाजी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला. "ताई, हे घ्या की. पेडल लेडीजला जमत न्हाय." का? बायकांना पाय नसतात? बारा वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतेय मी!

शेवटी काउंटरखालून दोन काढली. एक नवं, डबीएवढं – पाय ठेवला की घसरून पळतं. दुसरं जुनं, लोखंडी, जड. पुढं-मागं दाबलं की तार माणसासारखी बोलते, पण मधेच खरखर. किंमत दोन्हींची सारखीच. विचार करते म्हणून निघाले.

१४ सप्टेंबर

इंटरनेटवरचे पंडित! दहा हजारांच्या खालचं पेडल बघूच नका म्हणे. सांगायला काय जातंय! माझ्यासारख्या कंत्राटी कारकुनाचा पगार येऊन बघा म्हणावं.

१७ सप्टेंबर

जुनंच घेतलं. खरखर साफ करता येते, हलकं पेडल जड करता येत नाही.

घरी आणलं आणि अण्णा! तीस वर्षं तुळजापुरात पोरांना पेटी शिकवलेला बाप माझा. "वाद्याला पाय लावायचा? या घरात?" म्हटलं, अण्णा, ते पायानंच वाजतं. "मग ते वाद्य न्हाय." उठून गेले.

तोवर आईनं पेडल उचलून चपलांच्या फळीवर ठेवलं. चपलांच्या!

२० सप्टेंबर

आज मी बोलले त्यांच्या तोंडावर. "तुमच्या गुरुजींची पायपेटी होती ना? भाता पायानंच मारायचे ना? तेव्हा नाही रुसली सरस्वती?"

अण्णा डावा खांदा चोळत बसले. दोन वर्षांपूर्वी येडशी स्टेशनच्या जिन्यावरून पडले, तेव्हापासून तो हात उचलत नाही. भाता मारता येत नाही, म्हणून पेटी खोळीत. तेव्हापासून मी गिटार काढली की अण्णा अंगणात जातात. हे सगळं मला माहीत आहे. तरी बोलले. बोलायलाच पाहिजे होतं!

२३ सप्टेंबर

अबोला. त्यांनीच सूर शिकवले मला. एकदा बसून ऐकावं, एवढंच मागते. हे लई झालं का?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजेला पेटी, तबला, गिटार. पेडल नाही! मी गिटार उचलून घेतली. "पुजायची तर दोन्ही पुजा."

आई म्हणाली, "जाई, सणासुदीचा तमाशा नको."

अण्णा म्हणाले, "राहू दे तिची तिच्याकडं."

एवढंच. बारा वर्षांत पहिल्यांदा गिटारीला हळदकुंकू लागलं नाही. मोरीत जाऊन रडले. रागानं.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून घरी आले तर चपलांच्या फळीवर पेडल नाही. फेकलं वाटतं! तरातरा आत गेले.

अण्णा खाटेवर बसलेले. पाय नुकतेच धुतलेले, ओले. समोर पेडल, त्याच्या कडेला कुंकवाचं बोट. त्यांनी पेडलला हात लावून कपाळाला लावला आणि वर उजवा पाय ठेवला.

"बस इथं," म्हणाले. "तू तारा छेड. भाता मी मारतो."