सात नंबरच्या टाकीचा फोन

१० मार्च २०२५, सोमवार. तिसगाव

पोचलो बाबा एकदाचा. राहात्याहून सकाळी निघालो, नगरला गाडी बदलली, आणि मढीच्या यात्रेला निघालेल्या गाढवांच्या मागून एसटी रांगत रांगत तिसगावात आली तोवर बारा वाजून गेले. कंबर बोलायला लागली होती. पण पाणी संघाच्या कचेरीच्या दारात भागूबाई तांब्या आणि गुळाचा खडा घेऊनच उभ्या होत्या. निम्मा शीण तिथंच उतरला.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. पुढं काम, मागं माझी खाट. भागूबाई झाडलोट करतात आणि माझी भाकरीही त्याच आणणार आहेत. फळी एवढी उंच ठोकली आहे की माझ्यासारख्या पाच फूट दोन इंचाच्या माणसाला डबा काढायला स्टूल लागतं. भागूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

काम सोपं आहे. संघाच्या अकरा गावांत अकरा टाक्या. डोंगराआड मोबाईलची रेंज नाही, म्हणून जुन्या टेलिफोनच्या तारा अजून जपून ठेवल्यात. प्रत्येक टाकीच्या खोपटात एक मोडेमची डबी आहे. पाणीवाल्यानं तिथून कचेरीला फोन लावायचा, पाण्याची पातळी कळवायची, मग इथून व्हॉल्व्ह उघडायचा किंवा बंद करायचा. पण गेल्या उन्हाळ्यात भलत्यासलत्यांनी फोन लावून आपापल्या वस्तीकडं पाणी वळवलं आणि डोकी फुटली. आता इथल्या कॉम्प्युटरनं आधी माणूस ओळखायचा, मगच ऐकायचं. तो ओळखीचा बंदोबस्त मला करून द्यायचा आहे.

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. कॉम्प्युटर भंगारातली यंत्रं उघडून शिकलो. लेक रुपाली पुण्याहून रागावली, सदुसष्टाव्या वर्षी हे काय लावलंय म्हणाली. तिला सांगितलं, हे शेवटचं. मग राहात्याच्या पेरूच्या झाडांखाली खाट टाकायची आणि उठायचं नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. भागूबाईंनी पुरणपोळी आणली, वर तुपाची धार. पोटाला तड लागेस्तोवर खाल्लं.

आज पाणीवाल्यांना बोलावून पद्धत समजावली. प्रत्येकाला एक नंबर आणि चार आकड्यांचा एक गुप्त आकडा. तो ज्याचा त्यानं ठरवायचा. यंत्रात तो असा गुंडाळून ठेवला जातो की मलासुद्धा वाचता येत नाही. दोन्ही जुळले की यंत्र फोन ठेवतं आणि स्वतः त्या टाकीवर उलटा फोन करतं. म्हणजे माणूसही खरा आणि जागाही खरी. मग पडद्यावर अक्षरं येतात, ‘ओळख पटली’. तीनदा चुकलं तर ‘ओळख पटत नाही’, आणि फोन बंद.

सात नंबरच्या टाकीवरचा बजरंग मोठा मिस्कील. म्हणाला, तात्या, म्या बायकोच्या वाढदिवसाचा आकडा ठिवतो, म्हंजी चोराला घावायचा न्हाई, कारन त्यो मलाच ध्यानात ऱ्हात न्हाई. सगळे हसले. त्याची मोनिका सात महिन्यांची पोटुशी आहे. पोरगं झालं तर नाव तुमी ठिवायचं, असं मला बजावून गेला.

१५ मार्च, शनिवार

एक गंमत पाहतो आहे. दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी भागूबाई हातातलं काम टाकतात, पदर नीट करतात आणि टेबलावरच्या काळ्या फोनचा रिसीव्हर उचलतात. घंटा वाजलेली नसते. हळू आवाजात दोन शब्द बोलतात आणि ठेवून देतात. मला वाटलं, लेकीला लावत असतील.

आज तो फोन काढून त्याची तार यंत्राला जोडावी लागली. त्या बघत उभ्या होत्या. मग विचारलं, की ह्ये मशीन समद्यांना वळखतंय का. म्हटलं, नाव घातलं की ओळखतं. मग म्हणाल्या, अजिनाथचं नाव घाला. अजिनाथ कुठं असतात विचारलं तर म्हणाल्या, हायेत की, सात नंबरला.

हजेरीचं जुनं रजिस्टर उघडलं. अजिनाथचं नाव आहे, आणि पुढं हळदीचा ठिपका. खंडेनवमीला वहीची पूजा झाली असेल तेव्हाचा. बजरंगचा जोडीदार असेल, सभेला आला नाही, असं धरून त्याला मीच आकडा लावून दिला आणि तो कळवायला भागूबाईंना सांगितलं. पहिल्यांदा आत आला की यंत्र त्याला तो बदलायला लावील.

१८ मार्च, मंगळवार

काम सुरू झालं. सकाळी अकराच्या अकरा टाक्या ओळखीनं आत आल्या. लहान मुलांची शाळा भरल्यासारखं वाटलं. पंकजाताई, संघाच्या सचिव, पारनेरहून नव्यानंच बदलून आलेल्या, त्यांनी स्वतः चहा केला.

दोन दहाला अजिनाथही आला. माझा आकडा टाकला, लगेच स्वतःचा बदलून घेतला. यंत्रानं उलटा फोन केला, तिकडून उचलला गेला. ओळख पटली. पातळी: एक फूट. मागणी: व्हॉल्व्ह बंद करा.

पण बजरंगनं सकाळी सात नंबरची पातळी नऊ फूट दिली होती. आणि सात नंबरचा व्हॉल्व्ह तर बंदच होता.

२० मार्च, गुरुवार

काल अजिनाथ दोन फूट. आज तीन. दोन्ही वेळा दोन दहाला, दोन्ही वेळा तीच मागणी.

बजरंग चहाला आला होता, त्याला विचारलं. तो नजर चुकवायला लागला. म्हणाला, दुपारी मी भाकरीला घरी जातो, खोपटाला कुलूप असतं, किल्ली कंबरेला. अजिनाथचं काय म्हणून खोदून विचारलं तर म्हणाला, तात्या, त्ये माझ्या आधी हुते. हुते म्हणजे काय, ते मला सांगेना. घाईघाईनं उठून गेला, चहा तसाच ठेवून.

पाय दुखतात. झोप लागत नाही. वय झालं की वारासुद्धा हाक मारल्यासारखा वाटतो.

२१ मार्च, शुक्रवार

अजिनाथ चार फूट.

पंकजाताई वैतागल्या. एका टाकीच्या दोन पातळ्या वर कशा कळवायच्या. अकरा टाक्या आणि बारा नावं, हे जास्तीचं नाव काढून टाका म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं आणि मीही थकलो होतो. काढलं. एक कळ दाबली, झालं.

भागूबाई केर काढत होत्या. झाडू हातातून पडला. काढू नका म्हणायला तोंड उघडलं असावं, पण पंकजाताई समोर. भाकरीचं फडकं घेऊन गेल्या.

२२ मार्च, शनिवार

दोन दहा. सात नंबर. ओळख पटत नाही.

दोन अकरा. ओळख पटत नाही.

दोन बारा. ओळख पटत नाही. फोन बंद.

यंत्रानं शिकवल्याप्रमाणं केलं. तरी आजारी माणसाला दारातून परतवून लावल्यासारखं माझ्या जिवाला लागलं.

२४ मार्च, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

बजरंग माझ्या समोरच्या खुर्चीत बसला होता. बशीतून चहा पीत होता, पाळण्यासाठी लाकूड बघितलंय म्हणून सांगत होता. दोन दहाला पडद्यावर नाव आलं: बजरंग. गुप्त आकडा बरोबर. उलटा फोन, सात नंबरवर कुणीतरी उचलला. ओळख पटली. पातळी: एक फूट.

बजरंगनं पडदा वाचला. मग खाली पाहिलं. त्याच्या दोन्ही पायांभोवती फरशीवर पाणी साचलं होतं. चपला चिंब. मार्च महिन्यात, तिसगावात, जिथं ओढ्याला ओल नाही.

२५ मार्च, मंगळवार

त्याचा आकडा बदलला. नवा आकडा त्यानं माझ्यासमोर ठरवला, तोंडातून काढला नाही.

दोन दहा. बजरंग. आकडा बरोबर. नवाच. पातळी: दोन फूट.

मोनिकाचा निरोप आला, ह्यांचे गुडघ्याखाली पाय बर्फागत गार झालेत.

२६ मार्च, बुधवार

तीन फूट. बजरंगला मांडीपासून खाली पाय उचलता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पायांत काही दोष नाही. पण अंथरूण दर तासाला बदलावं लागतं, इतकं ओलं होतं.

मी यंत्र बंद करून ठेवलं होतं. वायर भिंतीतून काढली होती. तरी दोन दहाला पडदा उजळला.

भागूबाईंच्या घरी गेलो. उंबऱ्यावर बसलो आणि म्हटलं, बाई, आता सांगा.

त्यांनी सांगितलं. अजिनाथ त्यांचे मालक. नऊ वर्षांपूर्वी, अशाच उन्हाळ्यात, सात नंबरच्या चेंबरमध्ये व्हॉल्व्ह दुरुस्त करायला उतरले. पाय पाइपाखाली अडकला आणि वरून पाणी सुटलं. चेंबरच्या भिंतीला तेव्हा फोन होता. त्यांनी कचेरीला लावला. अजिनाथ बोलतोय, व्हॉल्व्ह बंद करा. त्या दिवसांतही लबाडीचे फोन यायचे. कचेरीतल्या माणसाला वाटलं, कुणीतरी दुसऱ्याच्या वस्तीचं पाणी तोडायला बघतोय. त्यानं विचारलं, कोन बोलतंय, नाव सांग. तीन वेळा विचारलं. तीन वेळा त्यांनी सांगितलं. मग कचेरीनं फोन ठेवला. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

पुढं तो माणूस गाव सोडून गेला. वहीतलं नाव मात्र कुणी खोडू दिलं नाही, भागूबाई दर अवसेला त्याच्यापुढं हळद लावतात. आणि रोज दोन दहाला त्या रिसीव्हर उचलून म्हणत, वळखलं वो तुमाला, बंद केला व्हॉल्व्ह, आता या वर. नऊ वर्षं. सणवार, आजारपण, काही बघितलं नाही. एवढ्यावर ते शांत होते.

मी तो फोन काढला. मग नावही काढलं. आपलं नाव चालंना तर मानूस दुसऱ्याचं घेनारच की तात्या, एवढंच म्हणाल्या. रागानं नाही. मला राग चालला असता.

२७ मार्च, गुरुवार

अजिनाथचं नाव परत घातलं. चालत नाही. त्यानं स्वतः ठरवलेला आकडा नाव काढताना पुसला गेला, आणि तो त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

काळा फोन परत जोडला. दोन दहाला भागूबाईंनी उचलला, नेहमीचे शब्द बोलल्या. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, आता त्ये मला वळखत न्हाईत.

मी कानाला लावेपर्यंत फोन बंद झाला होता. नुसता पाण्याचा आवाज उरला होता.

पडद्यावर: बजरंग. चार फूट.

बजरंग साडेपाच फूट आहे. छातीपर्यंत ओला झालाय. मोनिका नुसतं बघते.

२८ मार्च, शुक्रवार

रात्रभर विचार केला, आणि खरं सांगायचं तर फार विचार करावा लागला नाही. सकाळी यंत्र उघडलं. सात नंबर, पाणीवाला: बजरंग. ते काढलं. तिथं माझं नाव घातलं: भाऊसाहेब. गुप्त आकडा, रुपालीच्या आईच्या जाण्याचं वर्ष.

दहा वाजता निरोप आला. बजरंगचे पाय गरम झाले. उठून चुलीपाशी बसला, भाकरी मागितली.

मी खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

दोन दहा. भाऊसाहेब. ओळख पटली. फुटांचा आकडा पहिल्यापासून नाही लागला. थांबला होता तिथूनच पुढं – पाच फूट.

गार. फार गार आहे. पण एवढं वाईट नाही. थकलेल्या माणसाला पाणी धरून ठेवतं –

रुपालीला फोन केला. पाडव्याला येतो म्हणालो. खोटं बोललो.

२९ मार्च, शनिवार

अवस. भागूबाई रजिस्टर मागत होत्या. दिलं नाही. आज हळद लावायची ती नंतर लावा म्हटलं –

खाटेवरून टेबलापर्यंत यायला तास लागला. फरशी ओली. वही कोरडी ठेवायला स्टुलावर घेतली आहे.

एकच करायचं राहिलंय. यंत्रानं नाही, भागूबाईंनी नाही, कचेरीच्या माणसानं त्याला ओळखलं पाहिजे. तेव्हा जो बसला होता त्याच्या खुर्चीत आता मी आहे. फोन उचलीन आणि त्यानं नाव सांगायच्या आत म्हणेन – अजिनाथ, ओळखलं. बंद केला.

दोन आठ. पाणी नाकातोंडाशी आल्यासारखं – श्वास तोकडा –

दोन दहा. घंटा वाजली. आज खरी वाजली.

उचलला. म्हणालो – अजिनाथ, ओळखलं, व्हॉल्व्ह बंद –

तिकडं पाण्याचा आवाज नाही. कोरडी खोली आहे. पंखा फिरतोय. खुर्ची करकरली. कुणीतरी कागद चाळतंय. विचारतोय – कोन बोलतंय, नाव सांग.

पाण्याचा आवाज इकडं आहे –

सांगितलं. भाऊसाहेब. राहात्याचा. व्हॉल्व्ह बंद करा.

परत विचारलं. नाव सांग. सांगितलं. हाताला पेन धरवत नाही –

भागूबाई दार वाजवताहेत. उघडायला जाता येत –

दोन बारा. तिसऱ्यांदा विचारतोय. सांगतो. मी भाऊसा