दाभोळचा डबा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नेटवर्कचे स्विच आले! दोन. चोवीस-चोवीस पोर्टांचे, जुने, पण जिवंत. ऑफिसच्या भंगारात पडले होते. तौकीर आमचं स्टोअर सांभाळतो, तो परवाच गुपचूप गाडीत टाकून आणणार होता. मी नको म्हटलं. मुदीरची (मॅनेजरला इथे हेच म्हणतात) सही घे, गेटपास कर, मग आण. तो हसून हसून दमला. "सिराजभाय, कचऱ्याला गेटपास मागणारा माणूस अख्ख्या कतीफमध्ये तुम्ही एकच!" पण केला बिचाऱ्याने. गेटपास कपाटात नीट ठेवलाय.

मुदीर म्हणालाय, डिसेंबरपर्यंत नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आण, मग तुला केबलवाल्यांतून काढून नेटवर्कच्या टीममध्ये घेतो. म्हणजे इकाम्यावरचा (इथल्या राहण्याच्या परवान्यावरचा) हुद्दा बदलेल. हुद्दा बदलला की फॅमिली व्हिसा. बायको अदिबा आणि लेक लाइबा इथे सौदीत, या खोलीत नाही, नीट घरात. अम्माचं मग बघू.

शेहेचाळिसाव्या वर्षी परीक्षा! बी.एस्सी. फिजिक्सला सेकंड क्लास होता. आता डोक्यात राहील का?

संध्याकाळी अदिबाचा फोन. सुट्टीचा शुक्रवार कसा गेला? तौकीरकडे जेवलो म्हटलं. बिर्याणी होती म्हटलं. (खरं म्हणजे खोलीतच, खुबूस रोटी आणि दोन अंडी.) त्याची बायको इथे नर्स आहे, घर आहे त्याला, बोलावतोही नेहमी. पण दुसऱ्याच्या भरल्या घरात जाऊन बसायचं म्हणजे... असो. तिला उगाच काळजी कशाला.

८ ऑक्टोबर, बुधवार

खजुराच्या रिकाम्या पेट्या उलट्या घालून त्यांवर सरावाची लॅब मांडली. खाली स्विच, वर राउटर, बाजूला लॅपटॉप. पंख्यांचा आवाज विमानासारखा. आधी वाटलं, झोप येणार नाही. उलट लवकर लागली. खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पुस्तकात धडा आहे: दोन गावांतली दोन ऑफिसं इंटरनेटवरून एका खाजगी रस्त्याने कशी जोडायची. त्याला टनेल म्हणतात. मी बोगदा म्हणतो. सरावाला दुसरं ऑफिस कुठून आणू? मग सुचलं, घर आहे की!

एक छोटा राउटर दापोलीच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला होता. तो आज दाभोळला पोचला. व्हिडिओवर लाइबाला जोडायला लावला.

"पप्पा, पिवळी वायर की निळी?"

"पिवळी. नीट खटका येईपर्यंत दाब."

"आला खटका. मला काय मिळणार?"

"दहावीत किती मिळतात ते बघू."

"ते मला मिळतात, पप्पा, तुम्ही काय देणार ते विचारते."

मागून अम्मा. "काय बसवलंस तां? डोळे मिचकावतोय बघ! रातचा मला निज यायची नाय त्याच्यापुढं." त्यावर तिने लगेच रुमाल टाकला. हवा लागू दे, अम्मा, असं म्हटलं तर म्हणाली, "तुला लागते का रं हवा, तिकडं?"

मग इथून दाभोळच्या डब्याला हाक मारली. पिंग म्हणतात. चार हाका, चार उत्तरं! घराने ओ दिली. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीला!

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजचा धडा नोंदींचा. राउटरला कोण जोडलं, कोण सुटलं, हे सगळं तो एका दुसऱ्या यंत्राकडे लिहून पाठवू शकतो. सरावासाठी दाभोळच्या डब्याला सांगितलं, तुझ्या नोंदी इथे माझ्या लॅपटॉपवर पाठव.

आणि बसलो बघत. लाइबाचा फोन जोडला गेला. म्हणजे क्लासहून आली. आता चप्पल भिरकावली असेल. अदिबाचा फोन तर आहेच. अम्माचा बटणांचा फोन, तो वायफायला लागत नाही. अम्मा घरात असून यादीत नाही.

पुस्तक पुढे गेलंच नाही. दोन ओळींची यादी, किती वेळ बघत होतो कोण जाणे. ओटीवर बसून घरातले आवाज ऐकावेत तसं वाटलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कामावरून आलो की आधी यादी. मग चहा.

हे बरोबर आहे का? त्यांना ठाऊक नाही. डबा कशासाठी, तर पप्पांच्या अभ्यासासाठी, एवढंच सांगितलंय. ते खरंच आहे. पण पुरतं खरं नाही. आपल्याच घरात पडद्याआड उभं राहून बघावं, तसं झालंय हे. शुक्रवारी सांगून टाकायचं. नक्की.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही सांगितलं. तौकीरकडे जेवलो म्हणून सांगितलं.

२ नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट. अदिबाचा फोन रोज दुपारी यादीतून जातो. लाइबा क्लासला गेली की लगेच. तासाभराने परत येतो. आधी वाटलं, बाजार. पण रोज? शुक्रवारीसुद्धा?

आज सहज विचारलं, दुपारी काय करतेस गं?

"काय करणार? घरीच. अम्मांचे पाय चेपले, जरा पडले."

मी बरं म्हटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मनात नाही नाही ते येतं. मग माझीच मला शरम वाटते. सतरा वर्षं झाली लग्नाला, त्यातली सगळी मिळून दोन वर्षंसुद्धा आम्ही एका छपराखाली नसू. तिने कधी तक्रार केली नाही. आणि मी यादी वाचतो! आजारी असेल का? डॉक्टरकडे जात असेल, मला घोर नको म्हणून लपवत असेल? हे मनात आलं. पण खरं लिहायचं तर, आधी दुसरंच आलं होतं. आजार नंतर आला.

परीक्षेची, सब्नेटिंगची पंचवीस गणितं केली. नऊ चुकली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला. बोलता बोलता म्हणून गेलो, "काल दुपारी कुठे गेली होतीस?"

ती हळूच, "मी गेले होते, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

मी कुणी नाही म्हणायला हवं होतं. किंवा खरं. मी म्हटलं, "तुझा फोन वायफायवर दिसत नव्हता."

"कुणाला दिसत नव्हता?"

मग सगळं सांगावं लागलं. डबा, नोंदी, यादी. तिने पूर्ण ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं.

"मी इथे तुमच्या आईला बघते, तुमच्या पोरीला बघते. आणि तुम्ही तिथे बसून मला बघता?"

फोन ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

डबा गेला. चार हाका, चारही वाया. तिने प्लग काढलाय.

१० नोव्हेंबर, सोमवार

फोन लाइबा उचलते.

"मम्मी नमाज पढतेय."

"केव्हापासून?"

"पप्पा, तुम्हांला खरं पाहिजे का?"

नको म्हटलं.

तौकीरला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. वाटलं, समजूत घालेल. तो म्हणाला, "भंगाराला गेटपास पाहिजे तुम्हांला, आणि बायकोच्या फोनला नको?" मग स्वतःच ओशाळला, माझ्या ताटात मासा वाढला. मी खाल्ला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तिचाच फोन आला. सकाळी, मी जुम्म्याच्या नमाजाला निघायच्या आधी.

"बोटीवर जाते मी," म्हणाली. "फेरीबोटीवर. तुम्ही विचारलंत ना, म्हणून सांगते."

दाभोळच्या जेट्टीवरून पलीकडे धोपाव्याला जाते ती. बोट भरते, सुटते, खाडी ओलांडते. ही उतरत नाही. त्याच बोटीने परत.

"धोपाव्याला काय आहे?"

"काय असायचंय? मी बघितलंपण नाही. कठड्याला उभी राहते. तिथे मला कोण हाक मारत नाही. अम्मांची सून नाही, लाइबाची मम्मी नाही, सौदीवाल्याची बायको नाही. तिकीटवाला ओळखतो आता. तोपण काय बोलत नाही. बोलला असता तर मी जायचं सोडलं असतं."

"मग घरीच होते का म्हणालीस?"

"रोज बोटीतून नुसती जाऊन येते, हे कुणाला सांगू? गावात कळलं तर म्हणतील, हिला लागलंय काहीतरी. अम्मांना सांगते, पीठ आणते. म्हणून परतताना पीठ आणावं लागतं. घरात पीठच पीठ झालंय!"

आणि ती हसली. मी हसू की नको, मला कळेना. हसलो.

मी म्हटलं, नोंदी बंद करतो. डबा फेकून दे. ती म्हणाली, नको. "अभ्यासाला लागतो ना तुमच्या? लावते परत. पण एक सांगा. हा बोगदा एकाच बाजूने चालतो काय?"

नाही. दोन्ही बाजूंनी चालतो.

"मग मलापण दिसायला पाहिजे."

१६ नोव्हेंबर, रविवार

केलं. तिच्या फोनवर उघडेल असं एक साधं पान. दोन रकाने: दाभोळ, कतीफ. कोण आत, कोण बाहेर, आजचं आणि मागच्या दिवसांचं. ती जे बघते तेच मी बघतो, जास्त काही नाही. हे नीट तपासून घेतलं, दोनदा.

तिने उघडून बघितलं. "तुमच्या बाजूला एकच नाव?"

"एकटाच राहतो ना मी."

"हं," म्हणाली.

आता मी यादी उघडत नाही. तिचा तास तिचा. पण दुपारी कामावर असताना मनात म्हणतो, बोट सुटली असेल.

३ डिसेंबर, बुधवार

पास!!

खोबर शहरात परीक्षेचं सेंटर होतं. शेवटचे प्रश्न तर अंदाजाने. पण पडद्यावर पास! मुदीर म्हणाला मबरूक, म्हणजे मुबारक, कागद आण, महिन्याभरात हुद्दा बदलून टाकू. यल्ला, चला!

लगेच अदिबाला फोन. ती खूश झाली. खरंच झाली, आवाजावरून कळतं. मग मी व्हिसाचं बोललो. इथल्या शाळेचं, घराचं. समुद्रही आहे म्हटलं, कतीफला.

"आणि अम्मा?"

"मग बघू."

"कोण बघणार?"

आत्ता लिहिताना लक्षात येतंय. दोन महिने मी तिला इथे आणण्यासाठी अभ्यास करतोय. तुला यायचंय का, हे मी तिला विचारलेलंच नाही. एकदाही नाही. तिचा फोन कुठे जातो ते विचारलं. ती कुठे जाणार, ते नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी फोन. शुक्रवार कसा गेला? मी म्हटलं, छान, तौकीरकडे जेवलो. सवयीने. जीभ आपोआप वळली.

दाभोळचा पंखा ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, "जुम्म्याला तेवढा तुमचा फोन बाहेर गेला. मग आत आला. मग आतच आहे."

मी फोन खोलीतच विसरलो होतो म्हणू शकलो असतो. तिने मानलंही असतं कदाचित.

"मागच्या शुक्रवारीपण तसंच. त्याच्या मागच्यापण. मला वाटलं, पान बिघडलंय. लाइबाला विचारलं. ती म्हणाली, नाय मम्मी, बरोबर दाखवतंय."

मी लॅपटॉप मिटला.

"बिर्याणी कोण करतो मग, सिराज?"

सतरा वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती.

"अंडी," मी म्हटलं. "अंडी आणि खुबूस."

ती रडली नाही. म्हणाली, "मी तरी खाडी बघते वो. तुम्ही दिवसभर काय बघता?"

तुमची यादी बघायचो, असं म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं.

"तुमच्या या कागदाला चिपळुणात, रत्नागिरीत कोण विचारत नाही काय?"

विचारतील, म्हटलं. पगार तेवढा नाही मिळणार.

"तेवढा मी कुठे मागितला? व्हिसाचे कागद राहू द्यात. तुम्ही या. लाइबाच्या परीक्षेआधी या."

८ डिसेंबर, सोमवार

तौकीरला विचारलं, हे दोन्ही स्विच परत स्टोअरला नेशील का?

"का? आता तर पास झालात. कुठं निघालात, सिराजभाय?"

"घरी."

तो म्हणाला, "गेटपास लागेल."