लाभ, दोन, तीन

५ जानेवारी, सोमवार
दादाने आज जेवताना जाहीर केलं. शनिवारी नवीन पनवेलच्या शाळेत त्याच्या मितालीची मुलाखत, पहिलीसाठी. तिला बेरीज शिकवायची ती मी, तिच्या आत्याने. "आली तर तुला बी.एड.ला पाठवतो. नाय आली तर तुला बघून गेलेल्या उरणच्या पावण्यांना हो कळवतो." दादा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. बोललेलं फिरवत नाही.
मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. घाबरायचा प्रश्नच नाही. जेवण गेलं नाही ते आमटी खारट होती म्हणून.
संकल्प: ओरडायचं नाही. पाठांतर नाही. कृतीतून शिक्षण.

६ जानेवारी
चिंचोके मांडले. दोन आणि तीन किती? मिताली म्हणाली, अकरा. का, तर अकरा छान वाटतं.
संख्येविषयी प्रेम आहे. प्रेमावर उभारता येईल.
रात्री झोप लागली नाही, उठून चिंचोके मोजत बसले. चहा जास्त झाला असावा.

७ जानेवारी
मोठी कल्पना. गणित जगण्यातून यायला हवं. आई पायलीने तांदूळ मोजत होती, मितालीला तिच्याजवळ बसवलं आणि मी आत पाठाचा आराखडा काढला. सुंदर झाला.
संध्याकाळी मितालीने चिंचोके मोजले. लाभ, दोन, तीन, चार.
हे लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. घरात बरकत राहते. आईला विनंती केली, पोरीसमोर एक म्हण. आई म्हणाली, "तुज्या बेरजेसाठी घरातली बरकत घालवू काय? तू शिकव, आमी मोजतो."

८ जानेवारी
लाभ म्हणायला बंदी केली. ओरडले नाही, आवाज जरा मोठा झाला.
मितालीने लगेच ऐकलं. आता ती दोनपासून सुरू करते. दोन, तीन, चार, पाच, सहा. पाच चिंचोके सहा होतात. एक म्हण म्हटलं तर म्हणते, "लाभ म्हटलं की तू ओरडतेस, एक म्हटलं की आजी. मी दोनपासूनच बरी."
वहिनी दारात उभी राहून बघून गेली. त्यानंतर मला थंडी वाजली. पनवेलमध्ये एवढी थंडी नसते, पण वाजली.

९ जानेवारी, दुपार
सुटलं. मोजून झालं की शेवटी एक कमी करायचा. चिंचोक्यांवर, बांगड्यांवर, वालाच्या शेंगांवर सराव घेतला. सगळी उत्तरं बरोबर. म्हणजे मुलगी बेरीज करते आणि वर वजाबाकी. पहिलीच्या पुढे गेली. तिला धीर यावा म्हणून मीही दिवसभर तसंच मोजलं.
उरणहून फोन आला. दादा अंगणात जाऊन बोलला, हसलाही. मी शेंगा पुन्हा मोजायला घेतल्या. शेवटी एक कमी केला, हिशेब जमला.

१० जानेवारी, शनिवार
लिहिणार नव्हते.
समोर बाई, शेजारी मिताली, मागे दादा. बाईंनी टेबलावर तीन लाल ठोकळे ठेवले, दोन निळे. मितालीने ओठांतल्या ओठांत मोजले आणि म्हणाली, पाच. मला रडू आलं. बाईंनी वय विचारलं. मिताली म्हणाली, सहा. मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, पाच.
बाईंनी जन्मदाखला पाहिला, मग मला. म्हणाल्या, पोरीला नाही, तुम्हालाच घाम फुटलाय, पाणी घ्या. मग तिला मोकळं वाटावं म्हणून म्हणाल्या, चला, आता आत्या मोजून दाखवेल.
मी ठोकळ्यांवर बोट ठेवत गेले. शेवटच्या निळ्यावर बोट थांबलं आणि मी स्पष्ट आवाजात सांगितलं, सहा.
मितालीने माझा हात धरला. "आत्या, एक कमी करायचा राहिला."
प्रवेश मिळाला. जिना उतरताना दादाला बी.एड.चं विचारलं. दादा म्हणाला, उरणवाल्यांना थांबायला सांगतो, बी.एड.चं पण थांबू दे. "जूनमधी आधी हिच्यासंगं पहिलीला बस."
शेवटचा बाक चालेल. तिथून निरीक्षण चांगलं होतं.